पेटीत बिघाड नव्हताच! (इलेक्ट्रॉनिक्सच्या वेडाची गोष्ट, तुमचीही येऊ द्या)

भंगारवाला_हडपसर

परवा माळा आवरताना पुठ्ठ्याची एक नळी सापडली. तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, वरून मेणबत्तीचं मेण ओतलेलं. बायको म्हणाली, टाकू का? मी म्हटलं, माझ्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर आहे ते. तर त्याची गोष्ट.

१९८२ साल, मी सातवीत. राहायला हडपसर, सोलापूर रोडच्या आत. आमच्या भागात आकाशवाणीच्या प्रक्षेपणाचा मनोरा होता. अजूनही बसस्टॉपचं नाव ‘आकाशवाणी’च आहे. रोज दिसायचा, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

शाळेतल्या एका मित्राच्या मोठ्या भावानं बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ केला होता. सेल नाही, वायर भिंतीत नाही, आणि कानात गाणं! मला दोन दिवस जेवण गोड लागेना. त्याच्याकडून वहीच्या पाठच्या पानावर सर्किट उतरवून घेतलं. चारच वस्तू: कॉइल, गँग कंडेन्सर, ओए७९ डायोड आणि क्रिस्टल इअरफोन. बाबांबरोबर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेलो. दुकानदारानं काचेचा तो इवलासा डायोड कागदाच्या पुडीत बांधून दिला, अंगारा देतात तसा.

कॉइलला नव्वद वेढे. मोजत असताना आईनं हाक मारली की पुन्हा एकपासून. एरियल म्हणजे अंगणातली कपडे वाळत घालायची तार, अर्थ म्हणजे नळाचा पाइप. डाग द्यायला इस्त्री... म्हणजे सोल्डरिंग आयर्न नव्हतं, म्हणून तारा नुसत्या पिळल्या. इअरफोन कानात घातला आणि पुणे केंद्र खणखणीत! शेतकी कार्यक्रम चालू होता. कांद्यावरच्या करप्याची माहिती मी इतक्या भक्तिभावानं आयुष्यात पुन्हा कधी ऐकली नाही.

एक शोध लगेच लागला. आईनं ओल्या चादरी तारेवर टाकल्या की आवाज बसायचा. तार बांधलेले बांबू ओले झाले की सिग्नल जमिनीत जातो, हे नंतर कळलं. तेव्हा आईला म्हणालो, तू चादरी काढ, बातम्या लागल्यात. पुढचा प्रसंग सांगत नाही.

खरी गंमत यापुढे. गँग फिरवली की स्टेशन बदलायला हवं. बदलेना! या टोकापासून त्या टोकापर्यंत पुणे केंद्रच. म्हणजे रेडिओत बिघाड आहे. गँग रॉकेलनं धुतली, पात्या एकमेकींना टेकतात का ते उजेडात धरून बघितलं. कॉइल उलगडून नव्यानं गुंडाळली. काही फरक नाही. शेवटी चिडून गँग काढूनच टाकली. तरी वाजतंय! कॉइल काढली. तरी वाजतंय! एरियल, डायोड, इअरफोन, अर्थ, बस्स. खरं सांगतो, घाबरलो. दिवेलागणीची वेळ होती.

गाडीतळाजवळ एक रेडिओ दुरुस्त करणारे काका होते. त्यांना सगळी ‘केस’ सांगितली. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दिव्याखाली बसून काजवे शोधतोयस होय रे?” आणि पुन्हा कामाला लागले. पुढे एक अक्षर नाही.

मला कळलंच नाही. कळलं ते दिवाळीच्या सुट्टीत, वाईला आत्याकडे. हट्टानं सगळा पसारा पिशवीतून नेला होता. तिथे गच्चीवरून लांब तार सोडली, इअरफोन लावला, सामसूम. दिवसभर काही नाही. रात्री नऊच्या सुमारास गँग अगदी सावकाश फिरवत होतो आणि एका जागी, केसाएवढ्या जागेत, आवाज आला. मुंगीनं बोलावं तेवढा. थोडं पुढे नेलं की गायब, मागे आणलं की हजर. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. ट्यूनिंग म्हणजे काय ते मला त्या रात्री वाईच्या गच्चीवर समजलं. रेडिओ पहिल्यापासून बरोबर होता. मनोऱ्याखाली राहणारा मी त्याला इतर काही ऐकूच देत नव्हतो.

पुढचं थोडक्यात. डिप्लोमा, दोन नोकऱ्या, आणि गेली बावीस वर्षं स्वतःचं कार्ड रिपेअरिंग. सीएनसी मशिनची ड्राइव्ह कार्डं, पॉवर सप्लाय वगैरे. भोसरीतल्या एका कारखान्यात (नाव नको) एक मशिन रोज अकराच्या सुमारास बंद पडायचं. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. त्यांनी तीन कार्डं बदलली होती, प्रत्येक वेळी आधीच्या रिपेअरवाल्याला शिव्या. मी कार्ड तपासलं, निर्दोष. मग स्टूल घेऊन मशिनसमोर बसलो. दहा पन्नासला छताच्या फुटक्या पत्र्यातून उन्हाची तिरीप खाली उतरली, जमिनीवरून सरकत सरकत आली आणि बरोबर फोटो सेन्सरच्या डोळ्यावर बसली. मशिन बंद! जानेवारी होता. उन्हाळ्यात सूर्य वर गेला की तक्रारही गेली असती आणि पुढच्या थंडीत परत आली असती. बिल पुठ्ठ्याच्या एका तुकड्याचं कसं लावायचं, हा त्या दिवशीचा सगळ्यात अवघड प्रश्न होता.

तर मंडळी, तुम्हाला हा किडा कुठे चावला? लिहा.

---

कथील_कोल्हापूर

वा! काजव्यांचं वाक्य लिहून ठेवलं. मी त्या काकांच्या जातीचा. १९७९ पासून दुकान, आता मुलगा मोबाइलचं बघतो, मी खुर्ची बघतो.

आम्ही वाल्व्हच्या रेडिओवर शिकलो. गुरू काही सांगायचे नाहीत, नुसतं बघायचं. मग १९८२ च्या एशियाडनंतर टीव्हीची लाट आली आणि रेडिओवाले एका रात्रीत टीव्हीवाले झाले. पुस्तक नाही, सर्किट डायग्राम मिळाला तर नशीब. पडदा हेच पुस्तक. पडद्यावर नुसती एक आडवी पांढरी रेघ दिसली की व्हर्टिकलमध्ये, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागात, बघायचं. आवाज आहे पण पडदा काळा, मग लाइन आउटपुट किंवा ईएचटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग. चित्र तिरपं फाटतंय, तर सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा भाग. गिऱ्हाईक दारात ‘काय झालंय’ सांगायला लागलं की मी म्हणायचो, “तुम्ही च्या घ्या, सेटच सांगंल.”

पिक्चर ट्यूबचा झटका ज्यानं खाल्ला नाही त्यानं टीव्ही दुरुस्त केला असं मी मानत नाही. ब्लॅक अँड व्हाइटलासुद्धा दहा-पंधरा हजार व्होल्ट. आणि सेट बंद करून प्लग काढला तरी ट्यूब भरलेलीच असते. आधी स्क्रू ड्रायव्हरला तार बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठच्या अर्थला जोडायचं, मग ड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या ईएचटीच्या टोपीखाली टेकवायचं, चट्‌ असा आवाज आला की मगच हात. एकदा विसरलो. झटक्यानं काही झालं नाही, पण हात मागं आला तो मागच्या फळीवरच्या चार सेटवर. ते मात्र झालं.

रविवारी सकाळी पौराणिक मालिका असायची तेव्हा शनिवारी रात्री दुकानात मुक्काम. सेट नाही दिला तर गल्ली घरावर यायची.

---

तारामती

छान लिहिलंय, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)!

माझी सुरुवात रेझिस्टन्सच्या रंगांपासून. भावाच्या वहीत काळा, तपकिरी, लाल... अशी यादी होती आणि त्याला ती पाठ होत नव्हती. मी चौथीत, मला आमच्या बाईंनी इंद्रधनुष्यासाठी ‘तानापिहिनिपाजा’ शिकवलं होतं. मी त्याला म्हटलं, अरे हे तर तेच आहे! मधला पारवा गाळ आणि तांबड्याला दोन म्हण. तांबडा दोन, नारंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात. आधी काळोख (काळा शून्य, तपकिरी एक), नंतर म्हातारपण (राखाडी आठ, पांढरा नऊ). त्यानं मला टपली मारली आणि परीक्षेत तेच लिहिलं.

पिवळा-जांभळा-तांबडा म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४.७ किलोओहम. आजही ऑफिसात मनातल्या मनात तानापिहिनिपाजाच म्हणते. बाकीचे त्यांची इंग्रजी वाक्यं म्हणतात.

एक तक्रार मात्र राहिली आहे. १९९४ मध्ये डिप्लोमाला असताना प्रोजेक्टचं सामान आणायला गेले की काउंटरवरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, कोण बरोबर आलंय ते. एकदा मी ५५५ आयसी, दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक रिले मागितला तर म्हणे, “ताई, भावाला पाठवा, चुकीचं न्याल.” मी म्हटलं, भाऊ कॉमर्सला आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, आता त्यांचा मुलगा बसतो आणि तो फार चांगला आहे.

---

ओमचा_नियम

लेख आवडला, पण जरा विरोधी सूर लावतो. ‘आमच्या वेळी’चा हा गूळ मला पचत नाही.

आमच्या वेळी काय होतं? डेटाशीट नव्हत्या. मासिकात एखादं सर्किट छापून यायचं, त्यात छपाईची चूक असायची आणि दुरुस्ती दोन अंकांनंतर. तोवर खाऊच्या पैशांचे तीन ट्रान्झिस्टर जळलेले. एसएल१०० चे पाय उलटे लावून किती जाळले असतील देव जाणे. मल्टिमीटर अख्ख्या वर्गात एकाकडे. यातून जे टिकले ते लिहितायत, जे कंटाळून सोडून गेले ते धागा काढायला येणार नाहीत.

आज माझा भाचा ईएसपी३२ नावाच्या वायफायवाल्या चिपच्या बोर्डावर एका संध्याकाळी वायफायवर चालणारं हवामान केंद्र करतो. मला ते करायला त्या काळात विद्यापीठ लागलं असतं. मुलांना चालू वस्तू हातात मिळते म्हणून ती शिकत नाहीत, हे म्हणणं म्हणजे गॅसवर चांगला स्वयंपाक होत नाही म्हणण्यासारखं.

---

भंगारवाला_हडपसर

@ओमचा_नियम, मी असं कुठे म्हटलंय राव? पण गॅसचा मुद्दा मान्य. मी स्वतः ऑसिलोस्कोप घेतला तो वयाच्या चाळिशीत. विसाव्या वर्षी मिळाला असता तर निम्मे केस शाबूत असते.

एक मात्र विचारतो. भाच्याचं हवामान केंद्र चुकीचं तापमान दाखवतं तेव्हा तो काय करतो?

---

ओमचा_नियम

पकडलंत. पाच डिग्री जास्त दाखवत होतं. त्यानं सेन्सर बदलला, मग लायब्ररी बदलली, मग मला फोन केला. मी फोटो मागवला. सेन्सर बोर्डाला चिकटून लावला होता, बोर्डाचीच गरमी मोजत होता. दोन वीत वायर लांब केली, झालं.

म्हणजे तुमचा पुठ्ठा आणि त्याची दोन वीत वायर. ठीक आहे, एक गुण तुम्हाला.

---

मळ्यातला_स्टार्टर

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स हौसेनं नाही आलं, बिबट्यामुळे आलं 😄

शेतीची लाइट आठवडा-आठवडा रात्रीची. रात्री बारा-एकला लाइट आली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर मोटार चालू करायला जायचे. दोन्ही बाजूला ऊस. आई दारात उभी, वडील परत येईपर्यंत आत जायची नाही. मी नववीत होतो.

ऑटो स्टार्टर बाजारात होते, लाइट आली की मोटार आपोआप चालू. पण आमच्या लाइनला एक फेज उडायचा फार. थ्री फेज मोटार दोन फेजवर चालली की गुरगुरते, तापते आणि कॉइल जळते. रिवायंडिंगचा खर्च म्हणजे एका तोड्याचे टोमॅटो गेले. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लागतो. तो तिन्ही फेजचा व्होल्टेज सारखा आहे का ते बघत बसतो आणि फरक पडला की स्टार्टर पाडतो. आमचा जळाला होता. मी तो उघडला, आत एक जळका रेझिस्टन्स, रंग ओळखू येईनात (तानापिहिनिपाजा तेव्हा माहीत असतं तरी उपयोग नव्हता, सगळे काळेच होते). नारायणगावच्या वायरमनकडून त्याच कंपनीचा दुसरा बंद पीस आणला, त्यातला रेझिस्टन्स यात. चालू! वडिलांनी काही बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर कुणाला तरी सांगत होते, “आमचं पोरगं बघतं ते.”

नंतर डिप्लोमा करताना जीएसएम (मोबाइलचं) मॉड्यूल लावून मिस्ड कॉलवर चालणारा स्टार्टर केला. आता असे तयार मिळतात, गावात घरोघरी आहेत. पण पहिल्या रात्री वडिलांनी अंथरुणातून फोन लावला आणि लांबून मोटारीचा आवाज आला, तेव्हा ते काठी घेऊन निघालेच. म्हणाले, बघून येतो खरंच चालू झाली का.

अवांतर: आमच्या जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, निम्म्या जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना लांबवर शेतांमधून पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खुली असते, शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात. मी माझा स्टार्टर तिथे नेला होता. एका शास्त्रज्ञांनी विचारलं, मोबाइल मॉड्यूल आणलंयस का? म्हटलं हो. म्हणाले, इथे बंद ठेव बाबा, आम्ही फार हळू आवाज ऐकतो. तुमची वाईची गच्ची वाचताना तेच आठवलं.

---

अर्थिंग

धागा वाचनखुणेत साठवला.

आमची पण एक जिलबी. मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, मी कॉलेजात. फोन लागत नव्हते, लातूर-उस्मानाबादकडे नातेवाईक असलेले लोक वेडेपिसे. आमच्या ओळखीतले एक जण तेव्हा कारच्या बॅटऱ्या, सेट आणि एक वायरचं भेंडोळं घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात इतके दिवस रेडिओवर? म्हणाले, “नावं. नुसती नावं वाचली. कोण आहे, कोण नाही.” त्यानंतर मी हॅमच्या परवान्याच्या परीक्षेला बसलो. मोर्स शिकायला सहा महिने लागले. घरच्यांना वाटायचं, बोटांना काही आजार झालाय, सारखी टेबलावर टकटक.

२००५ च्या मे महिन्यात इस्रोनं हॅमसॅट सोडला, खास आम्हा हौशी लोकांसाठी. पडद्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या रॉडचा यागी अँटेना केला आणि गच्चीवर हातात धरून आकाशात फिरवत बसलो. उपग्रह डोक्यावरून जाताना आवाजाचा सूर हळूहळू उतरत जातो, शिट्टी मारत गेलेल्या रेल्वेसारखा. शेजारच्या आजींनी खालून विचारलं, “केबलवाले का?”

---

चिऊची आई

पहिल्यांदाच लिहितेय. ठाण्यात राहतो. लेक बारा वर्षांची, हा धागा मी तिला वाचून दाखवला आणि आता तिला बिनबॅटरीचा रेडिओ करायचाय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. लॅमिंग्टन रोडला जाऊ का? काय काय आणू?

---

भंगारवाला_हडपसर

जरूर जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरा. पण आधी एक करा. घरातल्या साध्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावून दिवसा कुठलं स्टेशन जोरात लागतं ते बघा. ज्याला साध्या रेडिओवर दम नाही ते बिनबॅटरीच्या रेडिओवर लागणार नाही.

डायोड जर्मेनियमचाच मागा, ओए७९ किंवा १एन३४. दुकानदार १एन४००७ देईल, सगळ्यांकडे तोच असतो. तो सिलिकॉनचा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेल्याशिवाय जागा होत नाही. जर्मेनियमला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. क्रिस्टल इअरफोन मिळाला नाही तर बझरमधली पितळेची पिझो चकती चालते, तिला समांतर ४७ किलोओहम (पिवळा-जांभळा-नारंगी, तारामतीताईंचा जयजयकार असो). मोबाइलचा इअरफोन चालणार नाही. आणि तारेची टोकं ब्लेडनं खरवडायला विसरू नका, तिच्यावर वार्निश असतं. एरियल आणि अर्थ विजेच्या कुठल्याही वायरला अजिबात जोडायचं नाही, पावसाळी हवेत बाहेर तार सोडायची नाही.

---

चिऊची आई

अपडेट. सामान अजून आणलेलं नाही, पण प्रकरण भलतीकडेच गेलंय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सासऱ्यांचा खिशातला रेडिओ काढून मीडियम वेव्ह लावली तर नुसतं घर्रर्र. स्टेशन त्याच्या मागे बुडालेलं. मी म्हटलं, रेडिओ गेला. चिऊ म्हणाली, आई, पेटीत बिघाड नसेल तर? आणि रेडिओ घेऊन घरभर फिरायला लागली. माझ्या फोनच्या चार्जरपाशी घर्रर्र वाढतं, फ्रिजपाशी नाही. वायफायच्या अडॅप्टरपाशी कर्कश शिट्टी. हे असं का होतं?

---

ओमचा_नियम

पोरगी भारी आहे तुमची! चार्जर आणि एलईडी बल्बच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते, त्याचे शिंतोडे मीडियम वेव्हपर्यंत उडतात. चांगल्या मालात आत फिल्टर असतो, स्वस्तात गाळतात.

तिला एक युक्ती सांगा. रेडिओच्या आत फेराइटचा रॉड असतो. रेडिओ आडवा धरून गोल फिरवला की एका दिशेला घर्रर्र एकदम कमी होते. त्या वेळी रॉडचं टोक साधारण चोराकडे रोखलेलं असतं.

---

चिऊची आई

चोर सापडला. आमच्या घरातला नाहीच. घरातली सगळी बटणं बंद केली, शेवटी मेन स्विच पाडला (सासरे मॅच बघत होते, तो वेगळा अध्याय), तरी घर्रर्र चालूच. मग ही बया रेडिओ घेऊन जिन्यात. दोन मजले खाली, एक वर, वहीत प्रत्येक पायरीला आवाज किती ते दहापैकी गुण देऊन लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या दिव्याला दहापैकी दहा. वॉचमनकाकांना सांगून तो दिवा दोन मिनिटं बंद करवला आणि मराठी बातम्या स्वच्छ! तिसऱ्या मजल्यावरचे सगळे दार उघडून बघायला आले.

आता ती सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज लिहितेय. ‘दिवा बंद करू नये, फक्त दुसऱ्या कंपनीचा लावावा’ इथवर मजकूर झालाय. विषय काय लिहायचा यावर अडलीय. सुचवा.